रिपोर्ट नेमका अडकलाय कुठे? इंटरफेस इंजिनची स्क्रीन नव्याने बांधताना

निळीशाई (धागाकर्ती)

मंडळी,

रुग्णालयातल्या वेगवेगळ्या प्रणाली एकमेकींना जोडायचं काम मी गेली नऊ वर्षं करते आहे. लॅबचं सॉफ्टवेअर, एक्सरे-स्कॅनचं, फार्मसीचं, बिलिंगचं, वॉर्डातल्या रुग्णनोंदीचं. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी, आणि सगळ्यांच्या मधोमध बसून निरोप इकडून तिकडे पोचवणारं एक इंटरफेस इंजिन. ते चालू ठेवणं ही माझी जबाबदारी. आता या इंजिनवर नजर ठेवायची स्क्रीन आमची टीम नव्याने बांधते आहे आणि पहिल्यांदाच मला कोणी विचारलंय, तुला त्यात काय हवं? उत्तर द्यायच्या आधी या स्क्रीनशी ज्यांची गाठ पडते त्या सगळ्यांचं ऐकावं, म्हणून हा धागा.

आधी माझ्या बाजूचं सांगते.

एका रात्री पावणेदोनला वॉर्डातून फोन आला. "पेशंटचं पोटॅशियम अजून दिसत नाहीये. लॅब म्हणते केव्हाच पाठवलं." मी स्क्रीन उघडली. चौसष्ट चॅनेल (चॅनेल म्हणजे निरोप जायची एकेक वाट), एकाखाली एक, प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. लॅबच्या चॅनेलपुढे "आले", "गेले", "एरर" असे तीन रकाने. जितके आले तितके गेले, एरर शून्य. स्क्रीनच्या हिशेबात काहीच बिघडलेलं नव्हतं. सिस्टर मात्र फोनवर होत्या आणि त्यांच्यापुढची चौकट रिकामी होती.

पेशंटच्या नावाने शोधायची सोयच नव्हती. वेळेचा अंदाज घेऊन लॉग उघडला आणि एकेक मेसेज कच्च्या रूपात वाचत गेले. एचएल७ म्हणजे रुग्णालयातल्या प्रणालींनी एकमेकींना निरोप कसे पाठवायचे याचं मानक. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा मेसेज ज्यांनी बघितलाय त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र येईल: उभ्या दांड्या, टोप्या, मध्येच कुठेतरी एखादा आकडा. शेवटी ओबीएक्सच्या, म्हणजे तपासणीच्या निकालाच्या, एका ओळीत आकडा सापडला. ६.७. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदयाची लय कधीही बिघडू शकते. मी लगेच लॅबला वॉर्डाशी थेट बोलायला लावलं. पहिल्या फोनपासून तिथवर यायला चाळीस मिनिटं गेली. पेशंट वाचला तो वॉर्डातल्या माणसांमुळे. त्यांनी ईसीजी बघून रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू केले होते.

झालं होतं असं. पेशंट तातडीच्या विभागात आला तेव्हा त्याला तात्पुरता नंबर मिळाला होता. जुनी फाइल सापडल्यावर दोन्ही नोंदी एकत्र केल्या गेल्या, आणि रिपोर्ट आला तो तात्पुरत्या नंबरावर. समोरच्या प्रणालीने "एए" अशी, म्हणजे स्वीकारल्याची, पोच दिली आणि मग पेशंट जुळत नाही म्हणून मेसेज स्वतःच्या "न जुळलेले" यादीत ठेवून दिला. ती यादी कोणी उघडत नव्हतं. धोक्याचा आकडा म्हणून लॅबने फोनही केला होता, पण तो तातडीच्या विभागात गेला. पेशंट तोवर वॉर्डात हलला होता.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळते आहे. प्रश्न येतो तो पेशंटच्या नावाने: "या माणसाचा रिपोर्ट कुठे आहे?" आणि आमची स्क्रीन उत्तर देते चॅनेलच्या नावाने: "लॅबचं चॅनेल चालू आहे." दोन्ही खरं असू शकतं आणि तरीही माणूस जिवाला मुकू शकतो. नव्या स्क्रीनने पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, बाकी सगळं त्यानंतर, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

---

जुनाप्लग

निळीशाई, लिहिलंत ते बरं केलंत. हाच प्रकार मी तीन ठिकाणी बघितलाय, तपशील वेगळे एवढंच.

पोचेबद्दल थोडं. एचएल७ च्या मानकात "निरोप मिळाला" आणि "निरोपावर काम झालं" या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सोय आहे. सीए म्हणजे मेसेज सुखरूप ताब्यात घेतला. एए म्हणजे प्रणालीने तो वाचला, पटला, पुढचं काम केलं. पण प्रत्यक्षात बऱ्याच प्रणाली मेसेज हातात पडला की थेट एए ठोकून मोकळ्या होतात आणि खरी तपासणी नंतर सवडीने करतात. इंजिन बिचारं त्या पोचेवर विसंबतं. त्यामुळे तुमच्या हिरव्या ठिपक्याचा खरा अर्थ "मी दिला" एवढाच होता. "त्याला मिळून नोंदीत लागला" हा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो.

थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ ला नेमकं हेच झालं होतं. दाब उतरवणारी झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद व्हायचा हुकूम गेला की नाही एवढंच दाखवत होता. झडप स्वतः कुठल्या स्थितीत आहे हे तो सांगतच नव्हता. हुकूम गेला होता, दिवा तसं म्हणत होता, आणि पाणी दोन तासांहून जास्त वेळ वाहून जात होतं. माणसं निष्काळजी नव्हती. दिव्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं.

तेव्हा माझी पहिली मागणी: "गेला" हा शब्दच स्क्रीनवरून काढा. त्याच्या जागी तीन वेगळे टप्पे दाखवा. पाठवला. समोरच्याने घेतला. पेशंटच्या नोंदीत लागला. तिसरा टप्पा कळायचा मार्ग नसेल तर तिथे "माहीत नाही" असं स्वच्छ लिहा. रिकामं सोडू नका आणि हिरवं तर मुळीच करू नका.

---

रात्रपाळी

मी वॉर्डात काम करते. तांत्रिक बाजू मला कळत नाही, पण फोनच्या त्या टोकाला बरेचदा मीच असते, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे इंजिनच्या स्क्रीनबद्दल बोलताय. आम्हाला ती दिसतही नाही. आम्हाला दिसते पेशंटची पानं आणि त्यात रिपोर्टची जागा. ती रिकामी असली तर काय समजायचं? तपासणी लिहिलीच गेली नाही? रक्त काढलं पण नळी लॅबमध्ये पोचली नाही? नळी पोचली, मशीनवर आहे? रिपोर्ट झालाय पण कोणी मंजूर केला नाही? की सगळं होऊन मध्येच अडकलाय? पाच वेगळ्या गोष्टी, आणि आमच्या डोळ्यांना पाचही एकसारख्या रिकाम्या. प्रत्येकीत करायचं वेगळं असतं. नळी हरवली असेल तर मला पुन्हा रक्त काढायचंय, आणि ते लवकर कळलं तर पेशंटचेही तास वाचतात. मशीनवर असेल तर थांबायचंय. अडकला असेल तर तुम्हाला फोन करायचाय.

आज मी काय करते सांगू? आधी लॅबला फोन. ते "पाठवला" म्हणतात. मग कॉम्प्युटर विभागाला फोन. ते "सगळं चालू आहे" म्हणतात. मग पुन्हा लॅबला. तोवर दुसऱ्या खाटेवरची सलाइन संपलेली असते.

माझी एवढीच विनंती आहे. त्या रिकाम्या चौकटीत एक ओळ येऊ द्या. "नमुना लॅबला मिळाला १:०५. रिपोर्ट अजून नाही." एवढं दिसलं तर माझे अर्धे फोन वाचतील.

---

निळीशाई

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या सगळ्या टीमला वाचून दाखवला. आम्ही दुरुस्ती करायला निघालो होतो ती आमच्या खोलीतल्या स्क्रीनची. तुमच्या चौकटीचा विचारच कोणाच्या डोक्यात नव्हता. "नमुना मिळाला" हा मेसेज इंजिनमधून रोज जातो. वॉर्डाच्या प्रणालीत तो येतो आणि टाकून दिला जातो, कारण जोडणी केली त्या वेळी कोणी मागितलाच नव्हता.

---

नमुनानळी

लॅबमधून लिहितोय. आमच्याकडे रिपोर्ट मंजूर केला की शेजारी बरोबरची खूण येते आणि आम्ही पुढच्या नळीकडे वळतो. त्या खुणेचा अर्थ "आमच्या प्रणालीतून बाहेर पडला" एवढाच आहे हे मला इथे काम करून सहा वर्षांनी कळलं. वॉर्डातून फोन आला की आम्ही "पाठवला" म्हणतो ते खोटं बोलत नसतो हो. आमची स्क्रीन तेच सांगत असते.

पण मला दुसरीच गोष्ट मांडायची आहे: सुधारलेले रिपोर्ट. प्रत्येक निकालाबरोबर ओबीएक्सच्या अकराव्या रकान्यात त्याची अवस्था जाते. पी म्हणजे प्राथमिक, एफ म्हणजे अंतिम, सी म्हणजे आधीचा चुकला होता, हा दुरुस्त केलेला. सी पाठवताना आमचा जीव मुठीत असतो, कारण पहिल्या आकड्यावर कोणी औषध दिलं असेल तर ते थांबवायचं असतं. आणि समोर काय होतं? एका ठिकाणी मी स्वतः वॉर्डात जाऊन बघितलं. दुरुस्त आकडा जुन्याच्या खाली, तशाच अक्षरात, आणखी एक ओळ म्हणून आला होता. वरची ओळ जशीच्या तशी. वाचणारा वरून वाचायला लागतो, पहिला आकडा घेतो आणि जातो.

दुरुस्त निकाल आला तर जुन्यावर काट मारा, पण जुना वाचता येऊ दे, कारण कशाच्या आधारे निर्णय झाला होता हे नंतर कळावं लागतं. नवा त्याच्या जागी, "दुरुस्त" या शब्दासकट. आणि जुना आकडा ज्याने उघडून बघितला होता त्याला आपणहून निरोप गेला पाहिजे. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची मागणी ही आहे.

वेळांचा घोळही बघा जमलं तर. रक्त कधी काढलं, निकाल कधी लागला, मेसेज कधी बनला या तीन वेळा मेसेजमध्ये वेगवेगळ्या जातात. स्क्रीनवर येतो "वेळ" नावाचा एकच रकाना. इन्सुलिन देणाऱ्याला रक्त काढल्याची वेळ हवी असते. मिळते भलतीच.

---

चौकट

मी स्क्रीनची रचना करते, गेली काही वर्षं फक्त आरोग्यक्षेत्रात. निळीशाई, रंग, चिन्हं, मांडणी यांवर चर्चा सुरू व्हायच्या आधीच तुम्ही प्रश्न विचारलात त्याबद्दल खरंच आभार. बहुतेक वेळा मला बोलावलं जातं ते "जरा छान दिसेल असं करा" म्हणायला.

मला चुकांच्या मजकुराबद्दल बोलायचंय. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राचे अपघात १९८५ ते १९८७ मध्ये झाले. निदान सहा पेशंटना मोजमापाबाहेर किरण लागले. कारणं अनेक होती, मुळात सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, पण त्यात स्क्रीनचाही वाटा होता. चालवणाऱ्यापुढे यायचं "मॅलफंक्शन ५४". त्याचा अर्थ कळेल असं हाताशी काही नव्हतं. असे खंड रोजचेच असल्याने आणि "पी" हे एक बटण दाबलं की यंत्र पुढे चालू लागत असल्याने माणसं पी दाबत. कळत नसलेला इशारा पुन्हा पुन्हा आला की हात त्याला बाजूला सारायला शिकतो, आणि तो हात मग खऱ्या इशाऱ्यालाही तसंच बाजूला सारतो.

आता आपल्या इंजिनच्या लॉगमधली ही ओळ बघा, जशी दिसते तशी मराठीत मांडते: "एई. आवश्यक रकाना नाही. पीव्ही१-१९." रात्री दोनला अर्धवट झोपेतल्या माणसाने यातून काय घ्यायचं? तीच गोष्ट अशी लिहिता येते:

"हा रिपोर्ट वॉर्डाच्या प्रणालीने नाकारला. कारण: पेशंटच्या या भेटीचा क्रमांक मेसेजमध्ये नाही. रिपोर्ट पेशंटच्या नोंदीत दिसत नाहीये. करायचं काय: नोंदणी विभागाकडून भेटीचा क्रमांक घ्या, इथे भरा, पुन्हा पाठवा."

काय झालं, पेशंटच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय, आता कोणी काय करायचं. तांत्रिक ओळ खाली घडी घालून ठेवा, ज्याला हवी तो उघडेल.

आणि यासाठी नवं मानक लागत नाही. २००३ मधल्या एचएल७ २.५ आवृत्तीतच एररच्या ओळीत चूक कुठल्या रकान्यात आहे, किती गंभीर आहे, आणि वापरणाऱ्याला दाखवायचा मजकूर काय, यांना स्वतंत्र जागा दिलेल्या आहेत. त्यातला आठवा रकाना खास माणसाला दाखवायच्या मजकुरासाठीच आहे. फायर या एचएल७ च्याच नव्या मानकात ऑपरेशन-आउटकम हा चुका कळवायचा भागही हेच देतो: गंभीरपणा, कारण, चुकीची नेमकी जागा. माझ्या बघण्यात आलेल्या बहुतेक जोडण्यांत ही जागा एक तर रिकामी असते किंवा कोणीतरी तिथे तांत्रिक कोड कोंबलेला असतो. समोरच्या कंपनीशी जोडणीचा करार करताना "आठवा रकाना भरून हवा" हे कागदावर आणा. नंतर कोणी भरत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांत एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि इतर ठिकाणीही असे लोक पुष्कळ आहेत. ठिपक्यांऐवजी आकार आणि शब्द वापरा. डब्ल्यूसीएजीच्या सुलभतेच्या नियमांतही फक्त रंगावर अर्थ टाकू नका असं स्पष्ट आहे, आणि साध्या मजकुराला पार्श्वभूमीच्या तुलनेत निदान ४.५ ला १ इतका उठाव हवा. काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं बसवायचा मोह टाळा, रात्रपाळीला ती वाचताच येत नाहीत.

---

कळफलक

सगळ्यांचं पटतंय, फक्त पेशंटच्या नावाने शोधायच्या सोयीबद्दल मला शंका मांडायची आहे. मी अशी इंजिनं लिहितो. मेसेजच्या आतला मजकूर शोधता येईल असा साठवला की इंजिन सांभाळणाऱ्या प्रत्येक माणसाला सगळ्या रुग्णालयातल्या सगळ्यांचे रिपोर्ट उघडे पडतात. कोणाची एचआयव्हीची तपासणी, कोणाची गर्भधारणेची, कोणा सहकाऱ्याची मानसोपचाराची नोंद. आज कच्चा मेसेज वाचायला त्रास पडतो हेच एक राखण करतंय, दुर्दैवाने.

---

निळीशाई

शंका रास्त आहे आणि मी त्यावर पुरेसा विचार केला नव्हता हे कबूल. पण कच्चा मेसेज वाचायला अवघड आहे म्हणून गुपित राहतं, हे काही खरं संरक्षण नाही ना? ज्याला बघायचंय तो बघतोच, आणि त्याने बघितल्याची नोंदही राहत नाही.

---

कळफलक

बरोबर. म्हणून उपाय सुचवतो. शोध पेशंटच्या क्रमांकावर चालू दे, निकालात मात्र फक्त प्रवास दिसू दे: कुठली तपासणी-गट, कधी आला, कुठे पोचला, कुठे थांबला. आकडा झाकलेला. अडकलेला मेसेज सोडवायला शंभरातल्या बऱ्याच वेळा आकडा लागतच नाही. लागलाच तर "उघडा" बटण, कारण लिहायची जागा, आणि कोणी कधी उघडलं याची कायमची नोंद. नाजूक तपासण्यांची नावंही झाकता येतील. हे आधीपासून पायात बांधा. वरून चिकटवलेलं टिकत नाही.

---

जुनाप्लग

कळफलक यांच्या मांडणीला माझा पाठिंबा. आता "पुन्हा पाठवा" या बटणाबद्दल, कारण वर त्याचा उल्लेख आला आणि माझ्या अंगावर काटा आला.

मी ज्या एका ठिकाणी होतो तिथे प्रवेश-बदली-रजेचं चॅनेल काही काळ अडकलं होतं. मोकळं झाल्यावर एका नवीन सहकाऱ्याला वाटलं काही मेसेज राहिले असतील, म्हणून त्याने गाळणी लावली आणि बटण दाबलं. गाळणीतली तारीख चार दिवस मागची राहिली होती. बटण म्हणालं "नक्की?", तो म्हणाला "हो". चार दिवसांचे सगळे बदलीचे मेसेज पुन्हा धावले. रात्रीत पेशंट कागदोपत्री जुन्या खाटांवर परत गेले. रजा घेऊन घरी गेलेले पुन्हा दाखल दिसू लागले. आणि औषधांची यादी खाटेप्रमाणे छापली जात होती. सकाळपर्यंत आम्ही आणि वॉर्डातली माणसं एकेक खाट जाऊन, हातावरचा पट्टा वाचून नोंदी बरोबर करत होतो. त्या मुलाला नंतर खूप बोलणी बसली. मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो, दोष त्या बटणाचा होता. "नक्की?" या प्रश्नाला माणसाकडे उत्तर द्यायला आधारच नव्हता.

बटणाने विचारावं ते असं: "हे ३,४१२ मेसेज आहेत, ५१९ पेशंटचे. सगळ्यात जुना चार दिवसांपूर्वीचा. यांतल्या २३७ पेशंटची माहिती त्यानंतर बदललेली आहे. पुन्हा पाठवल्यास नवी माहिती पुसली जाईल." आणि मूळ पर्याय असावा "फक्त जे पोचलेच नाहीत ते". सगळे पाठवायचे तर दुसऱ्या माणसाची संमती. क्रमही पाळला गेला पाहिजे, नाहीतर बदली आधी आणि प्रवेश नंतर असा खेळ होतो.

---

कळफलक

२३७ चा आकडा काढायला इंजिनला प्रत्येक पेशंटचा शेवटचा मेसेज लक्षात ठेवावा लागेल. करता येईल. वर म्हटलेल्या प्रवासाच्या नोंदीतूनच निघेल तो.

---

चौकट

मॅपिंगच्या, म्हणजे एका प्रणालीचे कोड दुसरीच्या कोडशी जुळवायच्या, स्क्रीनबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तिथली चूक तर महिनोन्‌महिने दिसतही नाही.

लॅबचा स्थानिक कोड "जीएलयू". तो लॉइंकच्या, म्हणजे तपासण्यांच्या सगळीकडे चालणाऱ्या सामायिक यादीतल्या, कोडशी जोडायचा. यादी उघडली की ग्लुकोजच्या नावाचे कितीतरी पर्याय. २३४५-७ म्हणजे रक्तद्रवातलं ग्लुकोज, वजनाच्या हिशेबात, मिलिग्रॅममध्ये. १४७४९-६ म्हणजे तेच, पण मोलच्या हिशेबात, मिलिमोलमध्ये. २३३९-० पूर्ण रक्तातलं. यादीचा रकाना अरुंद, नावं लांब, शेवट कापला जातो, आणि फरक नेमका त्या कापलेल्या शेवटातच असतो. मिलिग्रॅम आणि मिलिमोल यांत साधारण १८ पटींचा फरक आहे.

मी एकदा हा प्रयोग केला. यादीतल्या प्रत्येक पर्यायाशेजारी त्याच लॅबमधून आलेले मागचे वीस खरे आकडे त्यांच्या एककासह दाखवले, पेशंटची ओळख काढून. ९८, ११०, १४२, ८७. आणि निवडलेल्या कोडची नेहमीची मर्यादा त्यांच्या डोक्यावर. मिलिमोलचा कोड निवडला की "नेहमी ४ ते ७ च्या आसपास" आणि खाली ११०, १४२. बघणाऱ्याचा हात तिथेच थांबतो. कोणी प्रशिक्षण द्यावं लागत नाही, आकडेच बोलतात. बाकी मॅपिंग कोणी केलं, कोणी तपासलं, कधी, हे शेजारी दिसावं, एवढं पुरे.

---

नमुनानळी

आम्हाला बोलवा हो मॅपिंगच्या वेळी. अर्ध्या तासाचं काम आहे, पण आम्हाला कोणी विचारत नाही आणि मग वर्षभराने कुठलातरी आलेख भलताच दिसतो.

---

जुनाप्लग

अजून एक राहिलं: गप्प पडलेलं चॅनेल. एरर आली तर निदान लाल काहीतरी दिसतं. मेसेज यायचेच थांबले तर? आले शून्य, गेले शून्य, एरर शून्य, ठिपका हिरवा. जोडणी उघडी असते, फक्त पलीकडचा बोलत नसतो. मी बघितलेल्या मोठ्या अडचणींत अशाच जास्त होत्या.

शेवटचा मेसेज किती वेळापूर्वी आला हे प्रत्येक चॅनेलवर मोठ्या अक्षरात हवं. पण "तीस मिनिटं शांत असेल तर घंटा" असा सरसकट नियम लावू नका. सकाळी दहाला लॅबचं चॅनेल दहा मिनिटं गप्प असणं म्हणजे काहीतरी बिघडलंय. पहाटे चारला तासभर शांतता असू शकते. त्या वारी, त्या तासाला एरवी किती येतात त्याच्याशी तुलना हवी.

आणि घंटा मोजून वाजू द्या. औद्योगिक नियंत्रण कक्षांसाठी ईईएमयूए १९१ नावाची जुनी मार्गदर्शिका आहे, तिचा अंदाज असा की एका माणसाला दहा मिनिटांत सरासरी एक इशारा झेपतो. आमच्याकडे एकदा नेटवर्क तुटलं तेव्हा एकाच कारणाचे चाळीस-पन्नास ईमेल एकदम आले आणि त्यांच्याखाली फार्मसीची खरी वेगळी अडचण दबून गेली. एक कारण, एक इशारा, त्याच्या आत किती चॅनेल अडकली ते.

---

रात्रपाळी

एक विचारू का? अडकलेला रिपोर्ट तुम्हाला सापडतो तेव्हा तो कोणाचा आहे, पेशंट आयसीयूत आहे की उद्या घरी जाणार आहे, हे तुम्हाला दिसतं का? कारण दहा अडकले असतील तर कुठला आधी सोडवायचा हे ठरवावं लागेल ना?

---

निळीशाई

नाही दिसत, ताई. आम्ही आलेल्या क्रमाने सोडवतो. आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मेसेजमध्ये ते सगळं असतं मात्र. पेशंट कुठल्या विभागात आहे, निकाल धोक्याच्या हद्दीत आहे की नाही, तपासणी तातडीची म्हणून मागितली होती का. तिन्ही गोष्टी कळतात. म्हणजे अडकलेल्यांची रांग त्या क्रमाने लावता येईल, आकडा न उघडता. आयसीयू, तातडी, धोक्याचा निकाल असलेले सगळ्यात वर. हे मी आजच लिहून घेतलं.

---

निळीशाई (दहा दिवसांनी)

सगळ्यांना, काय केलं ते सांगते.

कोडला हात लावायच्या आधी कागदावर स्क्रीन काढली. पेन्सिलने, चार कागद. पहिल्यावर फक्त एक शोधायची चौकट आणि त्याखाली अडकलेल्यांची रांग, रात्रपाळी ताईंनी सुचवलेल्या क्रमाने. दुसऱ्यावर एका रिपोर्टचा प्रवास: मागणी, नमुना मिळाला, निकाल लागला, पाठवला, स्वीकारला, नोंदीत लागला. चॅनेलची जुनी यादी चौथ्या कागदावर गेली. ती मला लागते, पण रात्री दोनला आधी लागत नाही.

हे कागद घेऊन आमच्याच रुग्णालयातल्या तीन सिस्टर, लॅबमधले दोघं आणि आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा यांच्याकडे गेले. प्रत्येकाला एकच प्रश्न: "या पेशंटचा रिपोर्ट कुठे आहे?" कागदावर बोट ठेवून दाखवायचं. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते फार जड गेलं.

सहापैकी पाच जणांनी बरोबर जागी बोट ठेवलं. सहाव्या, एका अनुभवी सिस्टर, "स्वीकारला" या शब्दावर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांनी बघितला." मला तिथे काहीच सुचेना. आमच्यासाठी स्वीकारला म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरने घेतला. त्यांच्यासाठी स्वीकारणारा माणूसच असतो. असाच गैरसमज त्या पोटॅशियमच्या रात्री झाला असता तर त्यांनी फोनही केला नसता.

तो शब्द खोडला. आता तिथे लिहिलंय: "वॉर्डाच्या कॉम्प्युटरला मिळाला. पेशंटच्या पानावर अजून नाही." लांब आहे, रकान्यात मावत नाही, चौकट रागावेल कदाचित. रकाना रुंद केला.

---

चौकट

मुळीच नाही रागावणार. रकाना रुंदच ठेवा. आणि शेवटच्या टप्प्यालाही तसाच शब्द शोधा, "नोंदीत लागला" म्हणजे कोणी वाचला असा अर्थ निघतोय का ते विचारून बघा.

---

निळीशाई

उद्या रात्रपाळीच्या वेळेला पुन्हा जाणार आहे, तेव्हा विचारते. दिवसा विचारलेलं आणि रात्री विचारलेलं वेगळं निघतं असं वाटायला लागलंय. "न जुळलेले" यादीचा आकडा समोरच्या प्रणालीकडून दर पाच मिनिटांनी मागवायचं कबूल करून घेतलंय, तो पहिल्या कागदावर सगळ्यात वर बसेल.